धोडपच्या पायथ्याशी नव्हे, अंगावर

जानेवारीतली दुपार. लाल कांद्याने भरलेले ट्रॅक्टर लासलगाव बाजार समितीकडे येताहेत आणि आमची जीप त्यांच्या उलट, मंगरूळच्या दिशेने, अंग चोरून चाललीय. मागे कांद्याचा वास, समोर सातमाळा डोंगररांग. महामार्गावर नाशिककडे वळून वडाळीभोई, तिथून आत धोडंबे. इथे रस्ता अरुंद होतो आणि धोडप एकदम समोर येतो: पिंडीसारखा माथा, त्याला चिकटलेली लांबच लांब कातळभिंत, भिंतीत मधोमध करवतीने कापल्यासारखी खाच. माझा भाचा गाडी थांबवायला लावतो. थांबायलाच हवं.

हट्टी गावात एक आजोबा वाट दाखवतात.
"बाबा, वर पाणी आहे?"
"टाक्यात हाये. पण त्यात हातपाय धुऊ नका, प्यायचं हाये ते."

दोन तास चढून गडाच्या पोटातल्या सपाटीवर आम्ही तंबू ठोकतोय. वारा कापड हिसकावतोय. भिंत आता डोक्यावर आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगेत लाव्हा चढला, थिजला. भोवतीचा मऊ खडक झिजून गेला आणि हा कठीण कातळ तेवढा उभा राहिला. १७६८ साली याच गडाच्या आश्रयाला राघोबादादा आले आणि थोरल्या माधवराव पेशव्यांच्या फौजेपुढे हरले. तंबूच्या दोऱ्या ताणताना तोच विचार येतोय: काका-पुतण्याचं भांडण किती उंच जागी येऊन मिटलं. मिटलं तरी कुठे म्हणा.

सूर्य बुडताच गारठा हाडांत शिरतो. १,४७२ मीटरचा डोंगर हा. खाली महामार्गावर ट्रकच्या दिव्यांची माळ सरकतेय. त्यापलीकडे निफाडचं सपाट रान अंधारात बुडालंय. कडाक्याच्या रात्री तिथले शेतकरी द्राक्षबागेत शेकोट्या पेटवून जागतात. आम्ही भाकरी, ठेचा आणि कच्चा कांदा खातोय. कांदा घरचाच.

पहाटे गुहेतल्या देवीपाशी पोचतो. पूर्वेला उजेड फुटतोय आणि रांगेतले डोंगर एकेक करून आकार घेताहेत. टाक्यातलं पाणी थंडगार, नितळ. पण काठावर शेवयांची पाकिटं, साबणाची वडी, कुणीतरी घासलेल्या भांड्याची राख. भाचा गुपचूप तो कचरा गोणीत भरू लागतो.

लासलगाव-चांदवडकडच्या मित्रांनो, हा गड आपल्या दाराशी आहे. जरूर या, रात्र काढा. फक्त टाक्यात भांडी बुडवू नका, आणि आणलेलं सगळं खाली घेऊन जा.