घड दिसायच्या आधीचा पाऊस

जानेवारीत नणंदेकडे दिंडोरीला गेले होते. आमच्या महागावचं शिवार म्हणजे कापूस, सोयाबीन, तूर. द्राक्षांशी ओळख बाजारातून आणलेल्या अर्ध्या किलोपुरतीच. त्यातून ही तर वाईनची द्राक्षं! बारीक, जाड सालीची. एक मणी तोंडात टाकला तर बीच दाताखाली आली. नणंद हसली. म्हणाली, "वहिनी, ही खायची नाहीत, कंपनीत जायची."

वाईन मी कधी चाखलेली नाही. पण शेतकऱ्याच्या घरातली बाई मी, बागेत शिरल्याबरोबर विचारलं, "यंदा माल कमी का गं?"

"मे महिन्यातल्या पावसानं," ती म्हणाली. मी चाटच पडले. जानेवारीचं फळ आणि मेचा पाऊस?

मग तिनं समजावलं. द्राक्षवेलीची छाटणी वर्षातून दोनदा. एप्रिलच्या सुमाराला खरड छाटणी आणि पावसाळा सरताना फळछाटणी. खरड छाटणीनंतर जी काडी येते, तिच्या डोळ्यात पुढच्या घडाचा जीव धरतो. बाहेरून काहीच दिसत नाही. आपल्या पहिल्या दोन महिन्यांसारखंच म्हणा ना! तेव्हा वेलीला लख्ख ऊन हवं. 2025 साली मेमध्येच पाऊस लागला, 26 मे रोजी तर मान्सून मुंबईत पोहोचलासुद्धा. उन्हाच्या दिवसांत आभाळ भरलेलं. मग फळछाटणीनंतर घडांऐवजी 'वांझ फुटी' निघाल्या. (हा शब्द काही मला रुचला नाही, पण तिकडे तोच चालतो.)

घड आला म्हणजे सुटलो, असंही नाही. 2019 मध्ये ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत पाऊस हटला नाही आणि लवकर छाटलेल्या बागांतले कोवळे घड डाऊनीनं कुजले. फळ पिकताना पाऊस आला तर मणी पाणी पिऊन फुगतात, साखर उतरते, साल तडकते. सडण्याच्या भीतीनं लवकर तोडावं, तर वाईन पातळ आणि आंबटसर होते. कोरडी हवा आणि थंड रात्री मिळाल्या तर रंग, वास दोन्ही चढतात. म्हणून तर बाटलीवर तोडणीचं साल छापतात! फ्रान्समधल्या बोर्डोची वाईन घेणारे आधी सालच विचारतात म्हणे. 'नाशिक व्हॅली वाईन'ला 2010 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण आभाळ काही मानांकन बघून वागत नाही.

वाईट सालातही चांगली वाईन होऊ शकते. फक्त सडका मणी टाकीत जाता कामा नये. आणि तो वेचून काढायचा कुणी? बागेत पेठ-सुरगाण्याकडच्या बाया कात्र्या घेऊन बसल्या होत्या. एकेक घड उलटापालटा करून बघायचा, खराब मणी कापायचा, मग क्रेटमध्ये ठेवायचा. काम उक्तं घेतलेलं. चांगल्या वर्षी जे चार दिवसांत उरकतं, त्याला सहा लागतात. पैसे तेवढेच.

मला आमच्याकडच्या वेचणीवाल्या आठवल्या. पावसानं बोंडं सडली की कवडी कापूस निघतो, हलका. मजुरी मात्र किलोवर. दिवसभर वाकून वेचलं तरी काटा हलत नाही.

हे मी त्यातल्या एका मावशींना सांगितलं. त्या कात्री न थांबवता म्हणाल्या, "मंग तुमच्याकडं बी आभाळाचं बायांच्याच अंगावर पडतं म्हना!" आणि पुढचा घड उचलला.