बर्फाचे गाव आणि खारपाणाचे गाव

स्वित्झर्लंडमधील सेंट मॉरिट्झ हे डोंगरी गाव एकेकाळी केवळ उन्हाळ्यातच गजबजत असे. १८६४ साली योहान्नेस बाड्रुट नामक हॉटेलमालकाने इंग्रज पाहुण्यांशी पैज लावून त्यांना हिवाळ्यात बोलाविले, अशी कथा सांगतात. पुढे १९२८ व १९४८ ची हिवाळी ऑलिंपिक तेथे भरली आणि निरुपयोगी बर्फाचे सोने झाले.

बुलढाणा जिल्ह्यातील शेगावला निसर्गाने बर्फ तर राहोच, धड गोडे पाणीही दिले नाही. पूर्णेच्या खोऱ्यातील हा खारपाणपट्टा. वैशाखातले ऊन नकोसे. तरीही मुंबई-नागपूर मार्गावरील या स्थानकात गाडी थांबली, की डबे रिकामे होतात. २३ फेब्रुवारी १८७८ रोजी गजानन महाराज येथे प्रथम दिसले, ते उष्ट्या पत्रावळीवरील शिते वेचून खाताना. ज्या गावाची ख्याती उष्ट्या अन्नापासून सुरू झाली, तेथे आज कोणालाही विनामूल्य महाप्रसाद मिळतो. वेतन न घेता पाळीने राबणारे सेवेकरी झाडू मारतात, चपला सांभाळतात आणि येईल त्याला ‘माऊली’ म्हणतात. आल्प्समधील उंची हॉटेलात पाहुण्याचा मान त्याच्या खिशावरून ठरतो; येथे खेड्यातून आलेली म्हातारी आणि मोटारीतून उतरलेला व्यापारी एकाच पंगतीत बसतात. स्वच्छता मात्र दोन्हीकडची तुल्यबळ! हा शिस्तीचा वारसा घडविण्यात २०२१ मध्ये दिवंगत झालेले शिवशंकरभाऊ पाटील यांचा वाटा मोठा.

परंतु पाहुण्यांवर जगणाऱ्या गावाला त्याची किंमतही द्यावी लागते. धनिकांच्या रिकाम्या घरांनी आल्प्समधील गावे व्यापली, तेव्हा २०१२ मध्ये स्विस मतदारांनी अशा दुय्यम घरांचे प्रमाण वीस टक्क्यांवर रोखले. शेगावात धनिकांचे बंगले नाहीत, हे खरे. पण मंदिराभोवतीची जागा लॉज, दुकाने आणि वाहनतळ मागत असताना गावकऱ्याच्या घराचे काय, हा प्रश्न येथेही आहेच. पाण्याचा प्रश्न तर त्याहून जुना. संस्थानने मोठ्या जिद्दीने उभारलेले आनंदसागर उद्यान, त्यातील तलावासह, मध्यंतरी काही वर्षे बंद होते. प्रगटदिनाला किंवा ऋषिपंचमीला लाखोंची गर्दी लोटते. तिला पाणी मिळते, कारण तिची तजवीज आधीच झालेली असते. आसपासच्या खेड्यांतील मचूळ विहिरींकडे तितक्याच तातडीने पाहणे हे संस्थानचे नव्हे, शासनाचे काम आहे. आणि त्या विहिरींवर घागर घेऊन जाणारी बाई यात्रेकरू नसते, ती वर्षभर तेथेच राहते.