निद्रेंतील प्राणवायूची तूट

खानदेशांत हिंवाळ्याच्या रात्रीं दिवसभर धापा टाकणारा दमेकरी वृद्ध निवांत झोपीं गेला, कीं घरच्यांचा जीव भांड्यांत पडतो. परंतु फुप्फुसें जुनाट रोगानें जर्जर झालीं असतील, तर त्या शांत झोपेंतच रक्तांतील प्राणवायु सर्वांत अधिक घटण्याचा संभव असतो. आणि झोपलेल्यास त्याची वार्ताही नसते.

जळगांव व धुळें या जिल्ह्यांत पिढ्यान्‌पिढ्या चुलींत पऱ्हाट्या जळत आल्या. जिनांत रुई व सरकी वेगळी होतांना उडणारी धूळ मजुरांच्या छातींत गेली. विडीची भर निराळीच. अशा कारणांनीं श्वासनलिका अरुंद होतात व फुप्फुसांतील वायुकोश झिजतात. डॉक्टर यास 'सीओपीडी' म्हणतात. जन्मांत विडी न ओढलेल्या स्त्रियाही चुलीच्या धुरानें यास बळी पडतात.

झोपेंत श्वास प्रत्येकाचाच मंदावतो. स्वप्नें पडतात त्या अवस्थेंत बरगड्यांमधील व मानेचे स्नायु सैल पडून श्वासाचा सारा भार छाती व पोट यांमधील पडद्यावर येतो. निरोगी मनुष्यास तेवढें पुरतें. रुग्णाचीं फुप्फुसें मात्र अडकलेल्या हवेनें फुगलेलीं असतात. त्यामुळें हा घुमटाकार पडदा सपाट व दुबळा झालेला असतो, आणि सोबतचे स्नायु सुटतांच हवा कमी पडते.

तेवढीच घट एकास बाधते, दुसऱ्यास नाहीं, तें कां? कन्नड घाटाच्या माथ्यावर कड्यापासून दूर उभा असलेला मनुष्य दहा पावलें मागें सरला तरी पठारावरच राहतो. कड्याशीं उभा असलेला तितक्याच पावलांत कोसळतो. निरोगी मनुष्याच्या रक्तांत प्राणवायूचें प्रमाण शेंकडा ९५ किंवा अधिक असतें. तो पठारावर आहे. ज्याचें प्रमाण जागेपणींच ९० च्या आसपास, तो कड्याशीं.

प्राणवायु वारंवार घटला कीं फुप्फुसांतील रक्तवाहिन्या आकसतात, हृदयाच्या उजव्या भागावर ताण पडतो व पुढें पायांस सूज येते. सकाळीं डोकें दुखणें व दिवसा गुंगी येणें, हीं शरीरांत कार्बन डायॉक्साइड साठत असल्याचीं चिन्हें असूं शकतात.

मग रात्रीं नळीनें प्राणवायु द्यावा, हें ओघानेंच सुचतें. पण येथें घाई नको. जागेपणींही ज्यांच्या रक्तांत प्राणवायूची तीव्र तूट असते, त्यांना तो दिवसाकांठीं निदान १५ तास दिल्यास आयुष्य वाढतें, असें १९८० मध्यें अमेरिकेंतील व १९८१ मध्यें ब्रिटनमधील चाचण्यांवरून दिसून आलें. ज्यांची तूट केवळ झोपेंतली, त्यांस तसा लाभ होतो हें सिद्ध झालेलें नाहीं. २०२० मध्यें प्रसिद्ध झालेली चाचणी पुरेसे रुग्ण न मिळाल्यानें अनिर्णीत राहिली. उलट प्राणवायु प्रमाणाबाहेर दिल्यास कांहीं रुग्णांत कार्बन डायॉक्साइड साठून प्राणावर बेततें. म्हणून शेजाऱ्याचें सिलिंडर आणून मनाप्रमाणें चावी फिरविणें घातक होय. त्याच्याजवळ विडी वा शेगडी असेल, तर आगीचें भय वेगळेंच.

२०२०-२१ च्या करोना साथींत बोटास लावावयाचें ऑक्सिमीटर घरोघरीं पोंचलें. त्याचें तत्त्व जपानच्या ताकुओ आओयागी यांनीं १९७४ मध्यें मांडलें. परंतु दिवसाचा आंकडा रात्रीची हकीकत सांगत नाहीं. थंड बोटें व नखांचा रंगही त्यास फसवितात. रात्रभराची नोंद ठेवणारें यंत्र डॉक्टरांच्या सल्ल्यानें लावावें. धुळें व जळगांव या दोन्ही ठिकाणीं शासकीय वैद्यकीय महाविद्यालयें आहेत. तेथें चौकशी करावी.

तोंवर घरच्यांच्या हातीं पुष्कळ आहे. विडी सोडवावी, दारू व विचारल्यावांचून झोपेची गोळी देऊं नये, कारण दोहोंनीं श्वास आणखी मंदावतो. मोठ्यानें घोरणें किंवा झोपेंत श्वास थांबणें आढळल्यास डॉक्टरांस सांगावें. थंडीसाठीं बंद खोलींत शेगडी पेटवूं नये. पांघरूण एक जास्त द्यावें, पण खिडकी थोडी उघडी असूं द्यावी.