फिट असल्याचे सर्टिफिकेट

गेल्या महिन्यात एक माजी जवान दवाखान्यात आला. वय 27. सरावात गुडघ्याचे लिगामेंट तुटले, ऑपरेशन झाले, तरी मेडिकल बोर्डाने घरी पाठवले. "डॉक्टरसाहेब, रोज पाच किलोमीटर पळतो. फिट लिहून द्या, परत भरती होतो."

टेपने दोन्ही मांड्या मोजल्या. उजवी दोन सेंटिमीटर बारीक. नडगी पुढे ओढून पाहिली, गुडघा अजून सैल. असा गुडघा सपाटीवर सरळ पळताना निमूट असतो. पाठीवर ओझे घेऊन उतारावर वळताना दगा देतो.

वाचकहो, नोकरीत असेपर्यंत खालावलेली वैद्यकीय श्रेणी फेरतपासणीत वर चढू शकते. मेजर कार्डोझो यांचा पाय 1971 च्या युद्धात गेला, तरी पुढे त्यांनी बटालियन सांभाळली. पण ते सेवेतच होते. नाव कमी झाल्यावर निर्णय लष्करी डॉक्टरांचा. माझा कागद तिथे चालत नाही. व्रण लपव, असेही कुणी त्याला सुचवले होते! गुडघ्यावरचा व्रण लपणार कुठे?

खडकीला क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये जखमी जवानांना धंदेशिक्षण मिळते. तो पत्ता दिला. त्याने चिठ्ठी खिशात घातली.

"मांडी भरायला किती महिने?"

"सहा तरी."

व्यायाम लिहून दिला.