वल्हांडण आणि पादक्षालन

ईस्टरपूर्वीच्या गुरुवारी सायंकाळी कॅथॉलिक ख्रिस्तमंदिरांत एक विधी होतो. धर्मगुरू अंगावरील उंची झगा उतरवून ठेवतात, कमरेला पंचा बांधतात आणि बारा जणांचे पाय धुऊन पुसतात. पाहणाऱ्याला हा नम्रतेचा पाठ वाटतो, आणि तो तसा आहेही. परंतु ज्या रात्रीच्या स्मरणार्थ हा विधी होतो, ती रात्र वल्हांडण सणाच्या दिवसांतील होती, हे ध्यानात घेतल्यावाचून त्याचा पुरता अर्थ उलगडत नाही.

वल्हांडण हा यहुदी लोकांचा सण. शब्दाचा अर्थ ओलांडून जाणे. त्याची कथा बायबलातील ‘निर्गम’ या ग्रंथात आली आहे. इस्राएल लोक मिसर देशात फारोचे दास होऊन विटा पाडीत होते. फारो त्यांना सोडावयास राजी होईना, तेव्हा शेवटचे अरिष्ट म्हणून एका रात्री त्या देशातील प्रत्येक घरचा ज्येष्ठ पुत्र मृत्युमुखी पडावयाचा होता. इस्राएलांना आज्ञा झाली, की घरोघर एक वर्षाचे निर्दोष कोकरू मारावे आणि त्याचे रक्त दाराच्या दोन्ही बाह्यांना व कपाळपट्टीला लावावे. ती खूण असलेले घर ओलांडून संहार पुढे जाईल. मांस भाजून बेखमीर भाकरी व कडू भाजी यांसह खावयाचे. तेही कंबर कसून, पायांत पायतण घालून, हाती काठी घेऊन, घाईघाईने. कारण दास्यातून बाहेर पडण्याची घटका आली होती.

इ. स. ७० मध्ये रोमन सैन्याने यरुशलेमचे मंदिर उद्ध्वस्त केले, आणि तेथील कोकराचे यज्ञ थांबले. भाकरी, कडू भाजी आणि कथा मात्र राहिली. मुलाने विचारावे व वडिलांनी सांगावे, अशी त्या कथेची रीत आहे. कोकणातील बेने इस्राएल समाजाची भाषा मराठी. या रात्री वाचावयाची ‘हग्गादा’ नावाची पोथी १८७४ साली पुण्यात मराठी भाषांतरासह छापली गेली. आपण कधी काळी दास होतो, ही आठवण पुसू न देणे हाच या सणाचा प्राण आहे.

येशू ख्रिस्त यहुदी होता, आणि मरणाच्या आदल्या रात्री शिष्यांसह भोजनास बसला तो याच दिवसांत. मत्तय, मार्क व लूक यांच्या शुभवर्तमानांत ते भोजन वल्हांडणाचेच आहे. योहानाच्या कथनाप्रमाणे सण दुसऱ्या सायंकाळी लागावयाचा होता. म्हणजे येशूला क्रूसावर देण्याचा दिवस तोच कोकरे कापण्याचा दिवस. पहिले तिघे त्या भोजनातील भाकरी व प्याला यांचे वर्णन करतात. योहान ते करीत नाही. तो सांगतो, की येशू जेवता जेवता उठला, बाह्य वस्त्रे काढून कमरेला रुमाल बांधला, गंगाळात पाणी ओतले आणि शिष्यांचे पाय धुऊ लागला.

आपल्याकडे गुरूचे वा अतिथीचे पाय धुतात. राजसूय यज्ञात श्रीकृष्णाने हे काम आपणाकडे घेतल्याची कथाही परिचयाची आहे. त्या काळच्या यहुदी समाजात मात्र धुळीने भरलेले पाय धुणे हे दासाचे काम होते, आणि हिब्रू दासाकडूनही ते घेऊ नये, असे जुन्या यहुदी भाष्यकारांनी म्हटले आहे. तेव्हा दास्यमुक्तीच्या सणात गुरूने दासाहून हलके काम अंगावर घेतले! मिसरमध्ये कंबर कसली ती निघून जाण्यासाठी. येथे कसली ती दुसऱ्याच्या पायांशी बसण्यासाठी. दासाला सेवा नाकारता येत नाही, म्हणून तिला त्याग म्हणता येत नाही. ज्याला नाही म्हणण्याची मोकळीक आहे, तो वाकतो तेव्हाच सेवा अर्पण ठरते. कोकराची इच्छा कोणी विचारली नव्हती. ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणे येशू आपल्या इच्छेने कोकरू झाला, आणि क्रूसाचा अर्थ त्याने आदल्या रात्रीच गंगाळ व रुमाल घेऊन सांगून ठेवला.

पेत्राला मात्र हे सहन होईना. तो नको म्हणू लागला. त्यात भक्ती होती, तसा अभिमानही होता. ज्याला दुसऱ्याची सेवा स्वीकारता येत नाही, त्याच्या स्वतःच्या सेवेत उपकाराचा ताठा शिरतो. आणि त्या पंक्तीत यहूदा इस्कार्योतही होता. पाय धुऊन झाल्यावर तो उठून बाहेर गेला, तो गुरूला शत्रूच्या हाती देण्यासाठी. त्याचे पाय वगळले होते, असे योहान सांगत नाही.

२०१३ साली पोप फ्रान्सिस यांनी हा विधी रोममधील बालगुन्हेगारांच्या तुरुंगात केला. त्या बारा जणांत दोन मुली होत्या, मुसलमानही होते. या विधीत पूर्वी केवळ पुरुषांनाच घेण्याचा नियम होता. तो २०१६ मध्ये बदलण्यात आला.

क्रूसाची घडी सर्वांच्याच वाट्याला येत नाही. गंगाळाची मात्र रोज येते. विधीसाठी बसणारे बहुधा पाय स्वच्छ धुऊनच आलेले असतात. घरात अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे तसे नसते. तो रात्री तिसऱ्यांदा हाक मारतो तेव्हा पाहावयास कोणी नसते, आणि न उठण्याची मोकळीकही असते. अशा वेळी जो न कुरकुरता उठतो, त्याला वल्हांडणाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.