मेंदी काळी नसते

राजस्थानातल्या पाली जिल्ह्यात सोजत नावाचं तालुक्याचं गाव आहे. आपल्याकडच्या किराणा दुकानांत आणि ब्यूटी पार्लरांत जी मेंदी मिळते, तिचा मोठा हिस्सा याच मुलखातून येतो. २०२१ मध्ये सोजतच्या मेंदीला भौगोलिक मानांकन मिळालं. पाऊस कमी आणि बाकीच्या पिकांचा भरवसा नाही, अशा कोरड्या जमिनीत मेंदी एकदा धरली की वीस-पंचवीस वर्षं पाला देत राहते. पावसाळा सरला की विळ्यानं कापणी सुरू होते. कापलेल्या फांद्या वाळायला घातल्या असताना अवकाळी सर आली, तर शेतकऱ्याच्या तोंडचं पाणी पळतं. पाला भिजला की रंग उतरतो, आणि रंगाबरोबर भावही.

हा रंग म्हणजे लॉसोन. वाळलेल्या पाल्यात तो वजनाच्या एक-दोन टक्केच असतो, आणि हिरव्या पानात तर मोकळ्या रूपात फारसा नसतोच. साखरेच्या रेणूला बांधलेला असतो. पूड भिजवली की ओलावा, किंचित आंबटपणा आणि हवा यांच्या संगतीनं तो सुटा होतो. मेंदी रात्रभर भिजवून ठेवण्याची घरोघरची रीत इथे शास्त्राला धरून आहे. मात्र दोन-दोन दिवस भिजत ठेवलेली मेंदी जास्त रंगते, हा समज खोटा. सुटा झालेला रंग तसाच पडून राहिला की त्याचा जोर ओसरतो.

केसांवर मेंदी नेमकं काय करते? केस केरॅटिन या प्रथिनाचा बनलेला असतो आणि त्याच्या अंगावर बारीक खवल्यांचा थर असतो. बाजारातले पक्के रंग अमोनिया आणि पेरॉक्साइड वापरून हा थर उघडतात, आतलं नैसर्गिक रंगद्रव्य फिकं करतात आणि तिथे नवा रंग तयार करतात. मेंदीला एवढी मोडतोड करावी लागत नाही. लॉसोन केरॅटिनलाच जाऊन चिकटतो. मूळ रंगद्रव्य जागच्या जागी राहतं, म्हणून काळ्या केसांवर उन्हात दिसणारी तांबूस झाक येते आणि पांढरा केस नारिंगी-लाल होतो. मुंबईत भेंडीबाजाराच्या गल्ल्यांतून फिरताना वृद्धांच्या मेंदी लावलेल्या दाढ्या दिसतात, तो या पाल्याचा अस्सल रंग. पहिल्या दिवशी तो जरा भडक वाटतो; हवा लागत जाते तसा दोन-तीन दिवसांत गडद होतो. धुतल्यावर भडक वाटला म्हणून घाईनं दुसरं काही लावू नये.

लॉसोनच्या या थरामुळे केस हाताला भरदार लागतो, चमकतो. माझ्या मते मेंदीचा खरा फायदा हाच, आणि तो काही लहान नाही. पण मेंदीनं केस वाढतात, गळती थांबते, असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. केस वाढतो टाळूच्या आतल्या मुळातून, आणि मेंदी काम करते ती बाहेर आलेल्या निर्जीव केसावर. शिवाय ती केस कोरडे करते. लिंबू पिळून लावली तर आणखीच. मेंदीच्या दिवशी नुसत्या पाण्यानं धुवायचं, केस वाळले की तेल लावायचं आणि शिकेकाई किंवा शाम्पू दुसऱ्या दिवशी, हा जुना शिरस्ता म्हणूनच पाळण्यासारखा आहे.

मेंदी लोखंडी कढईत आणि चहाच्या पाण्यात भिजवतात, त्याचंही कारण साधं आहे. चहातलं, आवळ्यातलं टॅनिन लोखंडाशी मिळालं की काळपट रंग धरतं, त्यामुळे मेंदीची लाली थोडी दबते. पण काळाभोर रंग त्यातून येत नाही. वनस्पतींतून काळा हवा असेल तर आधी मेंदी आणि ती धुतल्यावर नीळ, म्हणजे निळीच्या पाल्याची पूड, असे दोन हात द्यावे लागतात. वेळ जातो, पण फसवणूक नाही.

फसवणूक आहे ती ‘काळी मेंदी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांत. अर्ध्या तासात केस काळेकुट्ट करणाऱ्या पुडीतलं काम बहुतेक वेळा पॅराफिनिलीनडायअमिन, म्हणजे पीपीडी, करत असतं. मेंदी तिथे नावापुरती. पीपीडीची ॲलर्जी झाली तर टाळूला खाज सुटते, फोड येतात, पापण्या आणि चेहरा सुजतो. एकदा शरीरानं वैर धरलं की ते सहसा जन्मभर सुटत नाही. युरोपीय संघात केसांच्या रंगात, लावायच्या मिश्रणात, पीपीडी दोन टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही आणि कातडीवर ते लावायला परवानगीच नाही. आपल्याकडे मात्र लग्नात आणि जत्रेत काळ्या मेंदीचे कोन लहान मुलींच्या हातांवर सर्रास चालतात. याचा मला मनापासून राग येतो. काही पुड्यांत धातूंचे क्षारही मिसळलेले असतात. त्यावर पुढे पेरॉक्साइडचा रंग लावला तर केस तापून तुटू शकतात.

तेव्हा घेताना पुड्यामागचे घटक वाचा. शुद्ध मेंदीच्या पुड्यावर एकच नाव हवं, लॉसोनिया इनर्मिस. घरी चिमूटभर पूड पाण्यात कालवून ठेवा. ओल्या गवतासारखा वास आला आणि पाणी सावकाश तांबूस-तपकिरी झालं, तर बहुधा ठीक. झरझर काळं पडलं तर टाकून द्या. डोक्याला लावण्याआधी कानामागे थोडी लावून दोन दिवस वाट पाहा. तान्ह्या बाळाच्या अंगाला तर शुद्ध मेंदीही लावू नये. जी-६-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या मुलांमध्ये तिच्यामुळे रक्तपेशी फुटून कावीळ झाल्याची उदाहरणं वैद्यकीय नोंदींत आहेत. आणि पुड्यावर ‘काळी मेंदी’ असं छापलेलं दिसलं, तर तो दुकानातच परत ठेवा.