पित्ताची गोळी : कशी घ्यायची आणि किती दिवस?

ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की श्रीगोंदा तालुक्यातल्या आपल्या वस्त्यांत चूल पहाटेच पेटते. उपाशीपोटी चहा, मिश्री किंवा तंबाखू, वाकून काम आणि कंबर दुखते म्हणून मेडिकलमधून आणलेली गोळी. संध्याकाळी छातीत जळजळ, करपट ढेकर. मग पुन्हा मेडिकल : "पित्ताची गोळी द्या."

आपण ज्याला पित्त म्हणतो ते बहुधा जठरातले आम्ल असते. अन्ननलिका आणि जठर यांच्यामधली झडप सैल पडली की ते वर चढते. ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल या गोळ्या तयार झालेले आम्ल धुऊन काढत नाहीत. नवे तयार होणे कमी करतात. म्हणून जळजळ सुरू झाल्यावर घेतली तर लगेच गुण येत नाही. सकाळी न्याहारीच्या अर्धा तास आधी पाण्याबरोबर घ्यावी, चावू नये. पूर्ण गुण यायला तीन-चार दिवस लागतात.

डॉक्टर बहुतेकदा दोन ते आठ आठवडे देतात. आपल्याकडे मात्र तीच चिठ्ठी वर्षानुवर्षे चालते. दीर्घकाळ घेतल्यास शरीरातले बी-१२ आणि मॅग्नेशियम कमी होऊ शकते. हाडे ठिसूळ होण्याचा धोकाही वाढतो. एकदम बंद केली तर काही दिवस आम्ल उसळून येते आणि "गोळीशिवाय जमतच नाही" असे वाटते. डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करावी. जुनी रॅनिटिडीन घरात असेल तर तिच्याबद्दलही विचारावे. भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतून ती २०२२ मध्ये वगळली आहे.

खरे दुखणे अनेकदा त्या कंबरदुखीच्या गोळीत असते. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांनी जठराला जखम होऊ शकते. दुसरे कारण जंतू. ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल यांनी हे जंतू स्वतः पिऊन दाखवले होते. त्यांना आणि रॉबिन वॉरेन यांना २००५ चे नोबेल मिळाले. जंतू असतील तर अँटिबायोटिकचा कोर्सही पूर्ण करावा लागतो, नुसती पित्ताची गोळी पुरत नाही.

आपल्या तालुक्यात लिंबू मुबलक. पण जळजळीवर लिंबूपाणी पिणे अनेकांना उलटेच पडते. त्यापेक्षा जेवण आणि झोप यांत तीन तास ठेवा, खाटेची उशाकडची बाजू विटेवर उचला. दारू तर पाचव्या शीलातच वर्ज्य आहे. कोसलचा राजा प्रसेनजित अति जेवून धापा टाकत आला, तेव्हा भगवंतांनी त्याला मात्रेत जेवायला सांगितले होते.

डांबरासारखी काळी शौच (लोहाच्या गोळ्यांनीही ती काळी होते, हे गर्भवती भगिनींनी लक्षात ठेवावे), रक्ताची उलटी, घास अडकणे, वजन घटणे यांपैकी काहीही दिसले तर ग्रामीण रुग्णालय गाठा. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. आणि छाती दाबल्यासारखी होऊन घाम फुटला, कळ हातात किंवा जबड्यात गेली, तर पित्त समजून थांबू नका. १०८ ला फोन करा.